काचेचं दुसरं टोक

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काचवाल्यांना सगळी गल्ली सावकाशभाऊ म्हणते. त्यांच्या तोंडात तोच एक शब्द. काच उचलताना सावकाश, ठेवताना सावकाश, कुणी जिन्यावरून धावत उतरलं तर सावकाश. मला गल्ली काय म्हणते तेही आत्ताच सांगून टाकते, उगाच दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मला तोफ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण माझी चप्पल वाजली की कोपऱ्यावरचे ‘आली रे’ म्हणून पुटपुटतात, तेवढं ऐकू येतं. येऊ दे. मी इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करते. दिवसभर समोर मोडलेले हातपाय आणि ओरडणारी माणसं. तिथे लाडीगोडी लावत बसलं तर दुपारपर्यंत एक हात बांधून होणार नाही.

सावकाशभाऊंची राहायची खोली आणि कामाची खोली एकच, मधे फक्त पडदा. भिंतीला लागून लाकडी घोडा, त्यात काचा उभ्या लावलेल्या. काच कधी आडवी ठेवायची नसते, ती आपल्याच वजनाने तडकते, हे त्यांनीच मला सांगितलं. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं. त्यावर काच ठेवायची, पट्टी लावायची, काच कापायची हिरकणी तेलात बुडवून कडेने एकदाच ओढायची. किर्र आवाज होतो. मग काठाला धरून जरा दाबलं की टक, आणि दोन तुकडे सरळ वेगळे. ‘दुसऱ्यांदा ओढायची नाही, ताई,’ म्हणायचे. ‘दुसऱ्यांदा ओढली की काच चिडते.’ आणि हे माझ्याकडे बघून म्हणायचे. दिसतात साधे, पण लबाड आहेत.

मोठी काच एकट्याने नेता येत नाही. ती ब्लँकेटात गुंडाळून दोघांनी उभी धरून न्यायची. मागच्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून पुढचा बोलत चालतो. ‘पायरी.’ ‘खड्डा.’ ‘वळतोय.’ कित्येक वर्षं हे मागचं टोक वहिनींनी धरलं, म्हणजे त्यांच्या बायकोने. दोघं गल्लीतून जायला लागली की आम्ही गॅलरीत उभं राहून बघायचो. नवऱ्याने ‘पायरी’ म्हटलं की बायकोचा पाय बरोबर उचलला जायचा. संसारात आमच्या ह्यांनी इतक्या वेळेवर मला कधी काही सांगितलं नाही.

मग वहिनींच्या डोळ्याचा मागचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, नजर बऱ्यापैकी वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जड उचलायचं नाही म्हणजे नाही. तेव्हापासून सावकाशभाऊंचा सगळा भार त्यांच्या जुन्या व्हॅनवर आला. गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गाडी न्यायची आणि तिथे जो कोणी हाताशी असेल त्याला दुसरं टोक धरायला लावायचं. व्हॅन कसली, डबडं! तिचा रंग कोणता यावरून दोन माणसांत भांडण लागेल. एका बाजूला काचा बांधायची लोखंडी चौकट, आणि वेग असा की सायकलवाली पोरं पुढे निघून जायची आणि जाताना हात करायची. ह्या माणसाकडून कुणाला इजा होईल असं स्वप्नातसुद्धा कुणाला वाटलं नसतं. मलाही नाही.

एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली सावकाशभाऊ व्हॅनमध्ये बसलेले, गाडी कडेला उभी, अजून सुरूही केली नव्हती. तेवढ्यात एक पार्सलवाला स्कूटरवरून मोबाइलमध्ये बघत आला आणि धाडकन मागून व्हॅनवर आदळला. त्याचं कोपर खरचटलं, स्कूटरचा दिवा फुटला, आणि वर तोच ओरडायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओला टॉवेल खांद्यावर तसाच, मी खाली.

“डोळे खिशात ठेवून गाडी चालवतोस का रे? उभी गाडी दिसली नाही तुला? बोलवा पोलिसांना! मी वरून सगळं पाहिलंय, मी साक्ष देते.”

पोलिस म्हटल्यावर त्या पोराचा आवाज बसला. आणि आमचे सावकाशभाऊ? त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. “नको, नको. चूक माझीच आहे. गाडी जरा पुढे घ्यायला हवी होती. दिवा मी भरून देतो, पण पोलिस नकोत.” त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. ते बघून पार्सलवाल्याला अवसान आलं, चार शब्द सुनावून तो निघून गेला. मी तिथेच टॉवेल पिळत उभी.

मग मी त्यांच्यामागोमाग आत गेले. “काय भानगड आहे? चूक त्याची आणि हात तुम्ही जोडता?”

त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं. वहिनी आत झोपल्या होत्या. “ताई, गाडीचा विमा नाही.”

“असं कसं? विम्याचा माणूस येतो की तुमच्याकडे. मी स्वतः त्याला इथे बसलेला पाहिलाय.”

“तो काचेचा. त्याशिवाय घाऊकवाला माल देत नाही. वाटेत काच फुटली की भरून मिळते. गाडीचा विमा हिच्या डोळ्याच्या वेळी राहिला. मग राहूनच गेला.”

“म्हणजे तुमची काच फुटली तर भरून मिळणार. आणि तुमच्या गाडीखाली माझा पाय मोडला तर?”

“ताई, मी कुणाला धक्का तरी लावीन का? इतक्या वर्षांत माझ्या हातून गाडीला ओरखडा नाही. फुटते ती काचच. जे फुटतं त्याचा विमा काढावा, असं मला वाटलं.”

आणि हे अगदी मनापासून बोलत होते हो. कुणाला फसवावं असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतंच. आयुष्यभर काच सांभाळली, म्हणून जगात जपायची गोष्ट ती एकच, असं त्यांनी धरून चाललेलं. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

“तुम्ही नाही लावणार धक्का. पण त्या डबड्याचे ब्रेक? ते तुमचं ऐकतात का?”

ते टेबलावरच्या ब्लँकेटची सुरकुती काढायला लागले.

माझ्या डोळ्यांसमोर शिलाईबाई होती, म्हणून मी इतकी पेटले. आमच्या वॉर्डात खिडकीपाशी तिची खाट. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलेला. त्याच पायाने ती मशीन चालवायची, त्यावर तिचं आणि तिच्या आईचं पोट. एका गाडीवाल्याने उडवलं. तो पळालासुद्धा नाही, त्यानेच उचलून इस्पितळात आणलं, ओक्साबोक्शी रडला. आणि मग म्हणाला, विमा नाही, माझ्याकडे द्यायला काही नाही. खरंच नव्हतं. त्याचं घर बघून आलेली माणसं म्हणाली, ह्याच्याकडून काय घेणार, कप्पाळ? तेव्हापासून ती बाई पडून आहे, आणि सगळं निस्तरतेय तिची म्हातारी आई.

हे मी सावकाशभाऊंना सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, “भाऊ, मी कुणाच्या पाठीमागे काही करत नाही. जे करते ते तोंडावर. आठवड्याभरात विमा काढा आणि तोपर्यंत गाडीला हात लावू नका. नाहीतर मी वाहतूक खात्यात कळवणार. चोरून नाही, तुम्हाला सांगून.”

“काढतो, ताई. सावकाश सगळं...”

“सावकाश नाही!” मी इतकी ओरडले की पडद्याआड वहिनी जाग्या झाल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे थंड डोक्याचा माणूस, माझ्याशी लग्न करून टिकलाय त्यावरूनच ओळखा. म्हणाले, “अगं, आपल्याच शेजाऱ्याचं कळवायचं? गाडी गेली तर तो खाणार काय? आपण पैसे देऊन बघू.” ते लगेच खाली जाऊन विचारून आले. सावकाशभाऊ नको म्हणाले. इस्पितळाचं काम मिळालंय, ते झालं की पहिला विमाच काढतो, असं म्हणाले. इस्पितळाचं काम म्हणजे शिलाईबाईच्या वॉर्डाच्या खिडक्या. तिथल्या काचा तडकल्या होत्या, मीच त्यांना प्लास्टरची चिकटपट्टी लावून ठेवलेली, आणि मेट्रनला सावकाशभाऊंचं नावही मीच सुचवलेलं. म्हणजे मीच लावून दिलेल्या कामासाठी ते बिनविम्याची गाडी रस्त्यावर काढणार. आता याला काय म्हणावं?

आठवडा सरला. सकाळी मी कामावर निघाले होते, कोपऱ्यावर व्हॅन समोरून आली. चौकटीला मोठा आरसा बांधलेला. शाळा भरायची वेळ, पोरं रस्ताभर पसरलेली, आणि त्यांच्यामधून हे आपले सावकाश, सावकाश. मला बघून ओशाळं हसले आणि हात केला. मी हात केला नाही. त्या आरशात क्षणभर माझं तोंड दिसलं, फार वाईट दिसत होतं.

त्याच दिवशी शिलाईबाईचं प्लास्टर कापायचं होतं. करवतीचा आवाज ऐकून सगळेच घाबरतात. मी नेहमी ती आधी माझ्या तळहातावर टेकवून दाखवते, बघा, कातडी कापत नाही. तिने बघितलंही नाही. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी फोटो बघितला आणि मान हलवली. हाड जुळलेलं नव्हतं. परत प्लास्टर. मी कापूस गुंडाळत होते, पाण्यात पट्ट्या भिजवत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सिस्टर, हा पाय मशीनवर चालेल ना?” मी सिस्टर नाही, पण तिला कोण सांगणार. “चालेल, न चालायला काय झालं,” असं मी तिच्यावर खेकसले. रडू आलं की मी खेकसते.

दुपारच्या सुट्टीत मी वाहतूक खात्यात फोन लावला. पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “काळजी करू नका बाई, तुमचं नाव गुप्त राहील.”

“गुप्त कशाला? मी त्यांना सांगून केलंय. लिहा, वरच्या मजल्यावरची.”

संध्याकाळी घरी न जाता आधी खाली गेले. सावकाशभाऊ खिडकीच्या चौकटीत पुट्टी भरत होते. मी दारातूनच म्हणाले, “मी कळवलं.” त्यांचा अंगठा पुट्टीवर थांबला. मग परत सरकायला लागला. “बरं,” म्हणाले. तेवढंच. पण पडदा बाजूला झाला आणि वहिनी बाहेर आल्या. माझी मुलगी लहान असताना मला दुपारची पाळी असायची, तेव्हा ती या खोलीत, या बाईजवळ राहायची. वहिनी म्हणाल्या, “माझ्या मांडीवर वाढली गं तुझी पोरगी.” आणि पडदा ओढून घेतला. मला कुणी काही बोललं तर मी दुप्पट बोलते. त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. जिन्यात बसून रडले, चांगली हुंदके देऊन.

दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि व्हॅन घेऊन गेली. दंड भरा, विमा काढा आणि मग सोडवून न्या. गल्लीत कुणी मला काही म्हणालं नाही. कोपऱ्यावर ‘आली रे’ सुद्धा कुणी म्हणेना. आधी ते ऐकून राग यायचा, आता ते ऐकू येत नाही म्हणून जीव कासावीस व्हायला लागला. जिन्यातून जाताना खालचं दार बंद दिसायचं. हिरकणीचा आवाज नाही. घरात ह्यांनी एकदाही ‘मी सांगत होतो’ असं म्हटलं नाही, त्याबद्दल मात्र मी त्यांना मानलं. रात्रीचं जेवण जात नव्हतं. मी चुकले, असं मला वाटत नव्हतं. पण बरोबर करूनही माणसाला इतकं वाईट वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी दार वाजलं. बाहेर सावकाशभाऊ. चेहरा सरळ, आवाज सरळ.

“इस्पितळाच्या काचा आज लावायच्या आहेत. न लावल्या तर काम दुसऱ्याला जाईल. गाडी नाही, चालत न्याव्या लागतील. दुसरं टोक धरायला कुणी नाही.”

“मग?”

“गाडी तुम्ही थांबवलीत ना, ताई? मग धरा.”

आमच्या ह्यांनी पटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते मागे हसत होते, मला कळत नाही का? मी पदर खोचला आणि खाली गेले.

काच ब्लँकेटात गुंडाळून तयार होती. मी तशीच हात घालायला गेले, तर वहिनी पडद्यामागून आल्या. त्यांनी आपले जुने चामड्याचे हातमोजे काढले, माझे हात पुढे ओढले आणि स्वतःच्या हाताने मला घातले. मला ते घट्ट होत होते. त्यांनी एकेक बोट ओढून नीट बसवलं आणि परत आत गेल्या.

इस्पितळ तसं दूर नाही, पण काच हातात असली की तोच रस्ता लांबतो. समोर ब्लँकेट, पुढचं काही दिसत नाही. पायाखाली काय येईल याचा नेम नाही. माझ्यासारखीला, जिला सगळं आधी दिसायला लागतं, दुसऱ्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं म्हणजे जिवावर आलं. सावकाशभाऊ इतर काही बोलत नव्हते. रागावले होते, ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं. पण एकही शब्द चुकवला नाही. “खड्डा.” “थांबा.” “पायरी.” “वळतोय.” आपली तक्रार करणाऱ्या बाईला पाडायचं असतं तर फक्त गप्प बसायचं होतं. मोठ्या रस्त्यावर आलो तर सगळी वाहनं आपोआप थांबली, ट्रकसुद्धा. काच दिसली की बरे थांबतात मेले! नुसतं माणूस असलं की ह्यांचे पाय ब्रेकवर जात नाहीत. हे मी मोठ्याने म्हणाले. पुढची पाठ जराशी हलली.

वॉर्डात त्यांनी आधी शिलाईबाईच्या खाटेजवळची खिडकी घेतली. तिच्या अंगावर चादर ओढली, तुकडे उडू नयेत म्हणून. माझ्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या, जुनी पुट्टी खरवडायला लागले. शिलाईबाईला कुणीतरी नवीन माणूस दिसला, तिला तेवढंच बरं वाटलं असणार.

“पाय कशाने मोडला?” सावकाशभाऊंनी विचारलं. मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. की तिच्या तोंडून ऐकायचं होतं?

“गाडीने. तो बिचारा हळूच चालवत होता हो. ब्रेकच लागला नाही त्याचा.”

खरवडणी थांबली.

“वाईट माणूस नव्हता,” ती म्हणाली. “फक्त विमा नव्हता.”

सावकाशभाऊंनी चौकटीतला पुट्टीचा चुरा हाताने झाडला. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, “माझाही नव्हता. मीही हळूच चालवतो. ह्या आमच्या शेजारीण. ह्यांनी माझं कळवलं, गाडी गेली. म्हणून तुमची काच चालत आणली.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. सगळा वॉर्ड ऐकत होता. शिलाईबाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या त्या घट्ट हातमोज्यांकडे बघितलं. मग आपल्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, “त्याला अशी शेजारीण कुणी नव्हती.”

मी हातमोज्यानेच डोळे पुसले, चामड्याला तेलाचा वास येत होता. सावकाशभाऊंनी काच चौकटीत बसवली, खिळे लावले, अंगठ्याने कडेकडेने पुट्टी फिरवली. रोजच्यापेक्षाही सावकाश. झाल्यावर स्वतःच्या रुमालाने पुसली आणि शिलाईबाईला विचारलं, “दिसतंय का नीट?” ती म्हणाली, रस्ता दिसतो.

अजून बऱ्याच काचा आणायच्या होत्या. परत काचांच्या घोड्याकडे निघालो. हातात काही नव्हतं, समोर ब्लँकेट नव्हतं, लख्ख ऊन पडलेलं, इस्पितळाच्या दारातला सगळा रस्ता मला स्वच्छ दिसत होता. तरी सावकाशभाऊ माझ्या पुढे चालत होते, आणि दारापाशी पोहोचल्यावर मागे न बघता म्हणाले,

“पायरी, ताई.”

“दिसतेय मला!” असं ओरडणार होते मी. जिभेवर आलंही होतं. पण मी काही बोलले नाही, त्यांनी सांगितल्यावरच पाय उचलला.